गे आहे, मुसलमानही आहे: ठाणे–नवी मुंबईत समुपदेशन घ्यायचं तर काय मिळतं, कसं पारखायचं

मुंब्र्याहून स्लो लोकल पकडली की कळवा आणि मग ठाणे, दोनच स्टेशनं. उतरलं की नौपाडा, पाचपाखाडी, राम मारुती रोडला समुपदेशकांच्या पाट्या दिसतात. वाशी-नेरूळला तर एकेका इमारतीत दोन-दोन. पण जो मुलगा गे आहे आणि ज्याला नमाजही सोडायची नाही, त्याने यातल्या कुठल्या पाटीखालून आत जावं हे पाटी वाचून कळत नाही. म्हणून हा आढावा. मुंब्रा-कौसा, राबोडी, वाशी ते पनवेल-तळोजा या पट्ट्यातल्या माणसाला फोनवर, सरकारी दवाखान्यात, खाजगी केंद्रात आणि ऑनलाइन काय मिळतं, कशाचा किती उपयोग होतो आणि पैसे मोजण्याआधी काय विचारून घ्यायचं, ते इथे लिहिलं आहे. खाजगी केंद्रांच्या चुका सांगताना नावं घेतलेली नाहीत, कारण तीच चूक कितीतरी ठिकाणी होते.

कसोटी एकच धरली आहे: समुपदेशक माणसाचं गे असणं आणि मुसलमान असणं, दोन्ही खोलीत राहू देतो का? एका प्रकारचा समुपदेशक म्हणतो, "निकाह होऊ दे, आपोआप बसेल सगळं." हा ओळखू येतो, मुलं दुसऱ्यांदा जात नाहीत. दुसरा म्हणतो, "एवढा त्रास होतोय तर धर्म सोडून का देत नाहीस?" हा ओळखू येत नाही, कारण त्याचा सूर आपुलकीचा असतो. पण ज्या मुलाला दिवसातली पहिली शांतता फज्रच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतरच मिळते, त्याच्याकडून तीच काढून घ्यायला सांगितलं तर उरतं काय? दोघांचंही म्हणणं शेवटी एकच आहे, अर्धा माणूस बाहेर ठेवून ये. आमच्या मते दुसरी चूक जास्त नुकसान करते, कारण तिच्यावर विश्वास बसतो.

पहिल्या भेटीआधी भरून घेतात तो फॉर्म नीट बघा. निम्मी परीक्षा तिथेच होते. नाव, पत्ता, वैवाहिक स्थिती, पती किंवा पत्नीचं नाव, आणि खाली एक ओळ: "तातडीच्या वेळी कोणाला कळवावं?" बहुतेक मुलं सवयीने तिथे अब्बूंचा नंबर लिहून मोकळी होतात. लिहू नका. विश्वासातल्या मित्राचा किंवा बहिणीचा नंबर द्या आणि विचारा, "हा नंबर तुम्ही कधी लावाल?" उत्तर असायला हवं: जिवाला धोका वाटला तरच, आणि शक्य असेल तर तुम्हाला सांगून. चांगल्या केंद्राच्या फॉर्मवर आणखी दोन-तीन ओळी असतात: कोणत्या नावाने हाक मारायची, मेसेज कोणत्या वेळी केलेला चालेल, मेसेजमध्ये केंद्राचं नाव आलं तर अडचण होईल का. या ओळी ज्याने छापल्या आहेत त्याने असे लोक पाहिलेले असतात.

गुप्ततेचा हक्क कायद्यानेच दिला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं २३ वं कलम त्यासाठी आहे. १८ व्या कलमात लैंगिक कल आणि धर्म या दोन्हींवरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क लिहिला आहे. तिसरं कलम त्याहून महत्त्वाचं: समाजातल्या प्रचलित नैतिक किंवा धार्मिक समजुतींशी माणूस जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरवता येत नाही. घरचे "याचं डोकं तपासा" म्हणत घेऊन आले, तर हे कलम डॉक्टरच्या टेबलावर ठेवायचं. गुप्ततेला अपवादही आहेत आणि ते पहिल्याच भेटीत कळायला हवेत. जिवाचा धोका हा एक. दुसरा बरेच जण सांगायचे राहतात: अठरा वर्षांखालच्या व्यक्तीवरचा लैंगिक गुन्हा कळला तर पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या संबंधांबद्दल बोलण्याआधी त्याला हे ठाऊक असलंच पाहिजे.

आता धर्माचं. समुपदेशकाने आलिम, म्हणजे धर्मपंडित, होण्याची गरज नाही. पण काही गोष्टी माहीत नसतील तर समोरच्याचं अर्धं बोलणं त्याच्या डोक्यावरून जातं. मुलगा "कौमे लूत", म्हणजे लूतचे लोक, एवढंच म्हणतो आणि गप्प होतो. लूत पैगंबरांची कथा, जिच्यात पुरुषांकडे वळणाऱ्या त्या लोकांवर अल्लाहचा कोप होतो, कुरआनात सूरह आराफ, हूद, शुअरा, नम्ल, अन्कबूत अशी अनेक ठिकाणी येते, आणि मशिदीत ऐकून, मदरशात शिकून ती त्याच्या अंगात भिनलेली असते, हे समोरच्याला कळलं पाहिजे. चारही सुन्नी मजहब, म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरा, आणि शियांचा जाफरी फिकह, म्हणजे धर्मशास्त्र, दोन पुरुषांमधला शरीरसंबंध हराम मानतात. हे झाकून "इस्लामला काही हरकत नाही" असं सांगणारा समुपदेशक पुढच्या जुम्म्यापर्यंतच टिकतो. शुक्रवारच्या प्रवचनात, म्हणजे खुतब्यात, उलट ऐकलं की मुलगा परत येत नाही.

तितकंच खरं हेही आहे की फिकह म्हणजे एकच एक दगड नव्हे. इमाम अबू हनीफांनी या कृत्याला ठरलेल्या हद्दच्या शिक्षेत धरलं नाही, ताजीरमध्ये, म्हणजे काजीच्या अखत्यारीत ठेवलं. इतर मजहबांशी त्यांचा इथे मतभेद आहे. आपल्या काळात स्कॉट सिराजुल हक कुगल या अभ्यासकाने २०१० मध्ये लूतच्या कथेची सविस्तर वेगळी मांडणी केली: तिथला गुन्हा जबरदस्तीचा, पाहुण्यांच्या अब्रूवर हात टाकण्याचा आणि पैगंबराला झिडकारण्याचा आहे. दक्षिण आफ्रिकेचे मुहसिन हेन्ड्रिक्स हे उघडपणे गे असलेले इमाम वर्षानुवर्षं हेच काम करत होते. १५ फेब्रुवारी २०२५ ला गोळ्या घालून त्यांचा खून झाला. ही नावं मुलांना फोनवर आधीच सापडलेली असतात. समुपदेशकाने ती पहिल्यांदा मुलाच्याच तोंडून ऐकावी हे बरं दिसत नाही.

आणखी एक गोष्ट पारंपरिक आलिमही मानतात, ती इथे फार कामाची आहे. मनात आपोआप येणारा ओढा हा गुनाह नाही. हिशोब कृतीचा होतो. "मी जन्मतःच लानती, शापित आहे" असं मानून बसलेल्या मुलाला एवढं कळलं तरी छातीवरचं ओझं हलतं. पण ज्याला आयुष्यात जोडीदार हवा आहे त्याचा प्रश्न यातून सुटत नाही, आणि सुटला असं भासवूही नये. पुढे रस्ते वेगवेगळे होतात. कुणी परंपरेच्या चौकटीत राहून एकटं राहतो. कुणाला नवी मांडणी पटते. कुणी म्हणतो, फिकहचा प्रश्न उघडा राहू दे, माझं आणि अल्लाहचं काय ते आमच्यात. कुणाची नमाज सुटते, पण ईद सुटत नाही. चांगला समुपदेशक यातला एकही रस्ता आपल्या हाताने निवडून देत नाही. कुठल्या रस्त्यावर झोप लागते, कुठे भूक लागते, कुठे मरणाचे विचार कमी होतात, ते तो मुलाबरोबर बसून बघतो. मरणाचे विचार असतील तर सूरह जुमरमधली ५३ वी आयत, अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका ही, मुलाला बहुधा पाठ असते. त्याच्याकडूनच ती म्हणवून घेणारा समुपदेशक धर्माचा उपयोग करून घेतो आहे, प्रचार नव्हे.

इथल्या मुसलमानांबद्दल एक साधी माहिती अनेक ठाणेकर समुपदेशकांना नसते. पनवेल, तळोजा, कल्याण, मुंब्र्याची जुनी कोकणी मुस्लिम घरं शाफई मजहबाची आहेत आणि घरात कोकणी-मराठी बोलतात. उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेली बहुतेक कुटुंबं हनफी आणि बोली उर्दू-हिंदी. नाव ऐकल्याबरोबर "आप बैठिए, क्या तकलीफ है" अशी सुरुवात झाली की तळोज्याचा मुलगा तिथेच परका होतो. त्याला मराठीतच बोलायचं होतं. आधी विचारा, कोणत्या भाषेत बोलू या. आणि शब्दांची वाट बघा. "गे" हा शब्द पहिल्या भेटीत येईलच असं नाही. "माझं जरा वेगळं आहे", "मेरे में वो आदत है", "ते कॉलेजचं तेव्हापासून" असलं काहीतरी येतं. तेवढ्यावर "म्हणजे तुम्ही होमोसेक्शुअल आहात" असा शिक्का मारला, तर दुसरी भेट होत नाही.

मुस्लिम समुपदेशक शोधावा का? हे सरळ नाही. त्याला वजू (नमाजआधी हातपाय धुणं), गुस्ल (शुद्धीची अंघोळ), मेहेर (निकाहात वधूला द्यायची रक्कम) समजावून सांगावे लागत नाहीत, पण बिरादरीत बात फुटण्याची धास्ती राहते, विशेषतः तो मुंब्र्यातच राहत असेल तर. नौपाड्यातल्या हिंदू समुपदेशकाकडे ती धास्ती नाही. तिथे दुसरंच कुलूप लागतं: घरच्यांबद्दल कडू बोललो तर "तुमच्यात असंच असतं" हे ऐकावं लागेल, या भीतीने मुलगा अम्मी-अब्बूंची बाजू सावरत राहतो आणि खरं दुखणं सांगत नाही. ज्या समुपदेशकाला हे कळतं तो आधीच म्हणून टाकतो: "घरचं काही वाईट सांगितलंत तर मी ते तुमच्या घराबद्दल ऐकेन, मुसलमानांबद्दल नाही." हे एक वाक्य ऐकायला मिळालं तर जात-धर्म न बघता तिथेच थांबा.

वस्वशाबद्दल, म्हणजे मनातून न जाणाऱ्या संशयाबद्दल, जास्त लिहायला हवं, कारण घोळ सगळ्यात मोठा इथेच होतो. मुलाला लोकलमध्ये कुणी आवडलं, रात्री स्वप्न पडलं, आणि सकाळी गुस्ल सुरू होतो. पाऊण तास, दीड तास. बाहेरून भाऊ दार वाजवतोय, टाकीतलं पाणी संपत आलंय, आणि आत हा कोपरापासून पुन्हा सुरुवात करतोय, कारण एक केस कोरडा राहिल्याचा संशय आहे. मग वजू पुन्हा, नमाजची नीयत पुन्हा. घरचे म्हणतात फार परहेजगार झालाय, किंवा जिन्न लागलाय. बऱ्याचदा हा ओसीडी, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, असतो आणि त्याला नेमके उपचार आहेत: टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरं जायचं आणि विधी पुन्हा करायचा नाही, अशी पद्धत, साधारण १२ ते २० सत्रं, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाची गोळी, जिचा परिणाम दिसायला ओसीडीत आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. चौथ्या आठवड्यात "फरक नाही" म्हणून गोळी बंद करणं ही नेहमीची चूक.

इथे फिकह समुपदेशकाच्या मदतीला येतो. वजूत प्रत्येक अवयव जास्तीत जास्त तीनदा धुवायचा, त्यापुढे मकरूह, म्हणजे नापसंत. आणि फिकहचा प्रसिद्ध कायदा आहे: यकीन शंकेने जात नाही. म्हणजे वजू केल्याचं पक्कं माहीत असेल तर मोडल्याच्या नुसत्या संशयाने तो मोडत नाही. तेव्हा घरचा अभ्यास असा देता येतो: तीनदा धुवा, नळ बंद करा, जानमाजवर उभे राहा. मनात शंका आली तर येऊ द्या, परत फिरू नका. अस्वस्थता शून्य ते शंभर या मापावर दर पाच मिनिटांनी वहीत लिहा. ती आधी चढते, मग आपोआप उतरते. आठवड्याभरात आकड्यांवरून मुलाला स्वतःला ते दिसतं. बिघडतं कुठे? समुपदेशक दर वेळी "अरे, तू पाक आहेस" असा दिलासा देत राहतो. तो दिलासा हा ओसीडीचा खुराक आहे. दोन तासांनी मुलगा तो पुन्हा मागायला येतो. रात्री फोनवर फतवे शोधत बसणं हाही त्याच विधीचा भाग, तेही बंद करावं लागतं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलाच्या गे असण्यालाच ओसीडी समजून त्यावर उपचार सुरू करणं. धुण्याची सक्ती हा आजार, ओढा हा आजार नव्हे. उलट बाजूही असते: काहींना "मी गे तर नाही ना" हीच भीती सतावते आणि ते दिवसभर स्वतःला तपासत असतात. हे वेगळं करता येत नसेल त्या समुपदेशकाने केस पुढे पाठवावी.

"बरा करून देतो" म्हणणाऱ्याकडून ताबडतोब उठा. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ च्या आदेशात असे "बदलाचे उपचार" करणाऱ्यांवर परवाना काढून घेण्यापर्यंत कारवाई करायला सांगितलं आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. डॉक्टर असेल तर तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे. नुसता "समुपदेशक" असेल तर तक्रार घेणारी अशी परिषद सहसा सापडत नाही. तिथे बहुधा ग्राहक मंचाचंच दार उरतं. नोंदणी क्रमांक आधी विचारायचा तो यासाठी. आमिल (मंतरणारा), तावीज, रुकया (आयती म्हणून फुंकणं) हे घरचे करणारच. आयती ऐकून मुलाला बरं वाटत असेल तर त्यात वाद घालू नये. मात्र जिन्न उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, उपाशी ठेवणं, धुरी देणं सुरू झालं तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. तो बाबालाही लागतो आणि आमिललाही.

आता सेवा एकेक. टेलिमानस, १४४१६. केंद्र सरकारची, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, मोफत, चोवीस तास, मराठी-हिंदीत. रात्री दोन वाजता जीव नकोसा झाला तर हाच नंबर लावायचा. महिनोन्‌महिने धर्म आणि ओढा यांचा गुंता सोडवायला हेल्पलाइन अपुरी पडते, तेवढी अपेक्षा धरून फोन करू नये. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल २०१२ पासून चालू आहे आणि तिथे फोनबरोबर ईमेल आणि चॅटनेही बोलता येतं. वन रूम किचनमध्ये पाच माणसांत राहणाऱ्याला आवाज न करता लिहून बोलता येणं ही चैन नाही, गरज आहे. सुरुवात करणाऱ्याला आम्ही पहिल्यांदा इथेच पाठवतो. हमसफर ट्रस्ट १९९४ पासून सांताक्रूझला आहे, गे पुरुषांसोबत कामाचा अनुभव मोठा. ठाण्याहून दादरला गाडी बदलून जावं लागतं, पण मुंब्र्याच्या मुलासाठी लांब असणं हेच सोयीचं. जिन्यात ओळखीचं कुणी भेटत नाही. क्वीअर मुस्लिम प्रोजेक्ट २०१७ पासून ऑनलाइन आहे. तिथे उपचार मिळत नाहीत, आपल्यासारखी माणसं दिसतात. अनेकांची पहिली गरज तीच असते.

ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की मुलं हादरतात. "याला ठाण्याला पाठवा" हे मराठीत चेष्टेने किती वेळा म्हटलं जातं, आणि ज्याला खरंच जायचं आहे त्याच्या पायात ते वाक्य अडकतं. बाह्यरुग्ण विभागात जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, त्यामुळे ओसीडी किंवा खोल नैराश्यासाठी गोळ्या लागणार असतील तर हा रस्ता पैशांच्या दृष्टीने सर्वांत चांगला. कुठल्याही सरकारी ओपीडीत गर्दी असते, तिथे पन्नास मिनिटांची निवांत चर्चा होणार नाही. गोळी तिथून, बोलणं दुसरीकडे, अशी वाटणी करा.

खाजगीत या पट्ट्यात एका सत्राला साधारण हजार ते अडीच हजार रुपये पडतात, सत्र ४५ ते ५० मिनिटांचं. ऐपतीप्रमाणे फी कमी करणारे बरेच आहेत, पण ते पाटीवर लिहीत नाहीत, विचारावं लागतं. आठवड्याला जमत नसेल तर पहिली चार सत्रं दर आठवड्याला आणि मग पंधरा दिवसांनी, असं ठरवून घ्या. महिन्यातून एकदा जाऊन या विषयात फारसं काही हलत नाही, दर वेळी नव्याने ओळख करून द्यावी लागते.

पहिल्या फोनवर, पैसे देण्याआधी, दहा मिनिटं मागा आणि हे विचारा. गे लोकांसोबत काम करण्याचं प्रशिक्षण कुठे घेतलं? मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा क्वीअर अफर्मेटिव्ह, म्हणजे माणसाची ही ओळख मान्य धरून केलेल्या, समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला असेल तर पाया चांगला आहे असं समजा; धर्माची जाण त्यातून आपोआप येत नाही, ती वेगळी तपासा. "मला नमाज सोडायची नाही आणि लग्नही करायचं नाही, तुमच्याकडे यावर काम होईल का?" असं सरळ विचारा. "हो, होईल ना, सगळं होईल" असं घाईचं उत्तर आलं तर सावध व्हा. "तुमच्यासाठी नमाज म्हणजे काय आहे ते आधी मला समजून घ्यावं लागेल" अशा धर्तीचं उत्तर आलं तर वेळ ठरवा. जुम्म्याला दुपारी दीडची वेळ देऊ केली आणि तुम्ही अडचण सांगितल्यावर समोरचा ओशाळला, तर तेही चांगलं लक्षण.

ऑनलाइन सत्राची अडचण तंत्राची कमी, भिंतींची जास्त. गच्ची, वाशीच्या सागर विहारजवळचा कट्टा, ऑफिसातली रिकामी मीटिंग रूम अशा जागा लोक शोधतात. एका कानात हेडफोन, दुसरा कान दाराकडे. कुणी आत आलं तर बोलायचं एक वाक्य आधीच ठरवा, "असाइनमेंट उद्या पाठवतो" असं काही, आणि ते ऐकताच समुपदेशकाने फोन ठेवायचा. फोनवर सूचनांचा मजकूर लपवा. व्हॉट्सअ‍ॅपचे लिंक्ड डिव्हाइस तपासा. घरच्या लॅपटॉपवर उघडं राहिलेलं व्हॉट्सअ‍ॅप हे बात फुटण्याचं सगळ्यात साधं कारण. यूपीआयने पैसे दिले की पासबुकात नाव उमटतं. खातं अब्बूंबरोबर जोडखातं असेल तर रोख द्या आणि पावतीवर केंद्राऐवजी व्यक्तीचं नाव चालतं का ते विचारा.

"घरी सांगून टाका, मोकळं वाटेल" हा सल्ला या पट्ट्यात घातक ठरू शकतो. १९९२-९३ च्या दंगलींनंतर कितीतरी कुटुंबं जीव मुठीत धरून मुंब्र्यात येऊन राहिली. मुसलमान नावाने इतरत्र भाड्याने घर मिळवणं आजही जड जातं. अशा ठिकाणी घर सुटलं की त्याच्याबरोबर मोहल्ला, ओळखी, आजारपणात धावून येणारे लोक, सगळं एका रात्रीत सुटतं. म्हणून क्रम उलटा हवा: आधी स्वतःच्या एकट्याच्या नावाचं खातं आणि तीन महिन्यांचा खर्च, मग आधार, पॅन, मार्कशीट यांच्या मूळ प्रती हाताशी आणि डिजिलॉकरमध्येही, ऐरोली-घणसोलीकडे एखाद्या मित्राची खोली जिथे पंधरा दिवस काढता येतील, आणि मगच घरातल्या एका माणसाला सांगणं. तो एक माणूस बहुधा थोरली बहीण, आपा किंवा मामू असतो. अम्मीपासून सुरुवात क्वचितच नीट होते. आईवडिलांशी बोलणारे आईवडीलच हवे असतील तर स्वीकार हा पालकांचा गट मुंबईत आहे. आणि न सांगण्याचा निर्णय झाला तर समुपदेशकाने त्याला भेकडपणा समजू नये.

निकाहचा दबाव हा बहुतेकांना समुपदेशकाकडे आणणारा खरा धक्का असतो. शिक्षण, नोकरी, धाकट्या बहिणीचं आधी, ही कारणं प्रत्येकी वर्ष-दोन वर्षं पुरतात आणि संपतात. निकाह इजाब-कबूल, म्हणजे प्रस्ताव आणि होकार, याशिवाय होत नाही, नवऱ्या मुलाचा होकारही लागतो; "मला कबूल नाही" म्हणणं धर्माच्या आतूनच म्हणता येतं. हे वाक्य घरी कोणासमोर, कोणत्या शब्दांत, कोणत्या दिवशी बोलायचं याची खोलीत तालीम करून घेणारा समुपदेशक खऱ्या अर्थाने कामाचा. तो त्या मुलीबद्दलही विचारतो, जिच्याशी लग्न ठरतंय. तिचा विषय न काढता "जमवून घ्या" म्हणणाऱ्याला आम्ही नापास करतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने दोन प्रौढांचे राजीखुशीचे संबंध गुन्हा राहिलेले नाहीत, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानुसार समलिंगी विवाहाला मान्यता नाही, हे दोन्ही त्याला माहीत हवं. पोलिसांची धमकी देऊन पैसे उकळणारे अजूनही ३७७ चं, म्हणजे असे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलमाचं, नाव घेतात.

मुलींचं तर आणखी कठीण. भाऊ दारापर्यंत सोडायला येतो, म्हणून केंद्राची पाटी "करिअर मार्गदर्शन" अशीही असेल तर हायसं वाटतं. त्यांनी कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ माहीत करून घ्यावा. तो फक्त सासरपुरता नाही, माहेरच्या मारहाणीविरुद्धही वापरता येतो.

शेवटी रमजान. समुपदेशकाने पाण्याचा ग्लास पुढे करू नये आणि सत्र अस्रच्या, म्हणजे दुपार उतरल्यावरच्या नमाजनंतर, थकलेल्या वेळेत ठेवू नये. सकाळी अकरा किंवा रात्रीच्या तरावीह नमाजनंतर ऑनलाइन बरं पडतं. दिवसातून एकदाची गोळी सहरी किंवा इफ्तारला हलवता येते, मात्र डॉक्टरला विचारून. लिथियम ही मनोविकारावरची गोळी चालू असेल तर रोजा धरण्याआधी डॉक्टरकडे जाणं अनिवार्य, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतं. रोजे चालू असताना मुलं बऱ्यापैकी सावरलेली दिसतात. तोल जातो तो ईदनंतर: पाहुणे भरलेले असतात, शव्वाल महिन्यात लग्नांचा हंगाम उघडतो आणि शीरखुर्म्याच्या वाटीबरोबर स्थळांचे फोटो पुढे येतात. तेव्हा ईदनंतरच्या पहिल्या आठवड्यातली वेळ रमजान लागण्याआधीच लिहून ठेवा.